साठीनंतरचा गोल्फ स्विंग: खांदे अर्ध्यातच अडतात, काय बदलू?

येरवड्याचा_बोगी
वय 66, उजव्या हाताने खेळतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर नियमित जातो. ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) चेंडू पूर्वी 210 यार्ड जायचा, आता 170 म्हणजे दिवाळी. बॅकस्विंगला (क्लब मागे-वर नेताना) खांदे अर्ध्यातच अडतात, पुढचं काम हात उरकतात आणि चेंडू उजवीकडे वळून झाडीत. शिकवणाऱ्यांनी बजावलंय की कंबर घट्ट धरा, डावी टाच हलू देऊ नका, खांदे तेवढे वळवा. तसं केलं की दुसऱ्या दिवशी पाठ धरते. आमचा कॅडी (बॅग वाहणारा) म्हणतो, "साहेब, तुम्ही चेंडू मारत नाही, हाकलताय." वजन उतरवा, योगासनं करा, हे सल्ले घरी फुकट मिळतात. स्विंगमध्ये नेमकं काय करू ते सांगा.

फौजी_71
अहो, पहिल्यांदा त्या टाचेला सुट्टी द्या! कंबर रोखून खांदे पिळायचे ही विद्या पंचविशीतल्या पोरांची. त्यांना जोर मिळतो तो कंबर आणि खांद्यांमधल्या पिळातून. आपल्या पाठीत तेवढा पीळ राहिलाय कुठे? मग कंबरेलाच वळू द्यायचं. अमेरिकन दिग्गज जॅक निक्लॉस डावी टाच चांगली उचलायचा, आणि 1986 ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा त्याने 46 व्या वर्षी जिंकली. तुमच्या सरांना एवढं सांगून बघा.

मी असं करतो. उजवं पाऊल दोनेक इंच मागे, चवडा जरा बाहेर. क्लब वर जाताना डावा गुडघा आत येऊ द्यायचा, उजवा थोडा सरळ होऊ द्यायचा. टाच आपली आपण सुटते, मुद्दाम उचलायची नाही. पाठ लक्ष्याकडे वळली की बस, क्लब जमिनीला समांतर जायलाच हवा असं कुठे लिहिलंय? खाली येताना आधी टाच टेकवायची, हात मागाहून. आपण सगळे नेमकं उलटं करतो, हात आधी धावतात. चेंडू हाकलला जातो तो त्यामुळेच.

आणि पकड बघा. खाली मान घातल्यावर डाव्या मुठीची दोन-तीन पेरं (बोटांच्या मुळाशी वर येणारे सांधे) दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर चेंडू उजवीकडे पळणारच.

शाफ्टवाला
फौजीसाहेब बरोबर आहेत, पण बॅगेतही डोकावा. ड्रायव्हरचा शाफ्ट (दांडा) अजून स्टिफ, म्हणजे कडक आहे का? रेग्युलर किंवा सीनियर फ्लेक्स, म्हणजे जास्त लवचीक दांडा, मारून बघा. लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) 9 अंश असेल तर 12 च्या आसपास न्या. स्विंग मंदावला की कमी लॉफ्टने चेंडू हवेत टिकत नाही. 3 आणि 4 नंबरची आयर्न (लोखंडी तोंडाचे क्लब) काढून हायब्रीड (मारायला सोपे क्लब) घाला. नियमाने बॅगेत 14 च क्लब चालतात, त्यात शोभेच्या वस्तू कशाला? पुढच्या टीवरून (पहिला फटका मारायची जागा, होलच्या जवळची) खेळायलाही लाजू नका.

फिजिओ_ताई
काका, डाव्या पायाचा चवडाही थोडा बाहेर वळवा, फॉलो-थ्रूला (चेंडू मारल्यावर क्लब पुढे जाताना) गुडघ्यावरचा पीळ कमी होतो. थेट पहिल्या टीवर जाऊन ड्रायव्हर उपसू नका. आधी दहा मिनिटं चाला, मग सँड वेजने (जवळच्या फटक्यांचा क्लब) अर्धे स्विंग. कळ पाठीतून पायात उतरत असेल तर मात्र क्लब ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.
वय आड येतं असं वाटलं तर अमेरिकन गोल्फर टॉम वॉटसन आठवा. ऑक्टोबर 2008 मध्ये डावा खुबा बदलला, आणि जुलै 2009 मध्ये स्कॉटलंडच्या टर्नबेरीतल्या ब्रिटिश ओपनमध्ये 59 व्या वर्षी प्लेऑफपर्यंत (बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीपर्यंत) पोहोचला.

येरवड्याचा_बोगी
पेरं मोजली, एकच दिसतंय. शाफ्टही स्टिफच निघाला, मुलाचा जुना ड्रायव्हर आहे. एक शंका: उजवं पाऊल मागे घेतलं तर निशाणाच उजवीकडे जाणार नाही का?

फौजी_71
पाऊल मागे, खांद्यांची रेघ मात्र लक्ष्याकडेच. खांदेही वळवलेत तर जाईल. आधी सरावाच्या रेंजवर 7 नंबरच्या आयर्नने, चेंडू टीच्या खुंटीवर ठेवून बघा. रविवारी सकाळी पहिल्या टीवर नको, मागे चौघं घड्याळ बघत उभे असतात.