मदत हवी आहे: त्वचेच्या कर्करोगावर विद्यार्थ्यांशी बोलायचंय, शुक्रवारी!

पळसफूल:
शुक्रवारी आमच्या कॉलेजात रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजना) मुलांसमोर त्वचेचा कर्करोग कसा टाळायचा यावर वीस मिनिटं बोलायचंय. नेटवर सगळं समुद्रकिनारी पडून राहणाऱ्या गोऱ्यांचं. आमची मुलं म्हणतात, "मॅडम, आपण सावळे, आपल्याला काय होते?" काय उत्तर देऊ? लवकर सांगा.

धरमपेठकर:
मुलं कुठल्या शाखेची? किती? प्रोजेक्टर आहे का?

गिट्टीखदान_भाऊ:
नागपूरची पोट्टी तशीही दुपट्टा गुंडाळल्याशिवाय गाडी काढत नाहीत. तेच करत राहा म्हणा. आम्ही नवतपात खिशात कांदा घेऊन फिरलो, पन्नाशी गाठली, काही झालं नाही.

त्वचा_निवासी:
भाऊ, कांदा उन्हाच्या झळांसाठी ठेवतात. कर्करोगाला कारण ठरतात ती उन्हातली अतिनील (यूव्ही) किरणं, ती अंगाला गरम लागत नाहीत, म्हणूनच फसायला होतं. पातळ ढगांतूनही ती येतात. पारा बघू नका, यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, बघायला शिकवा. ३ झाला की टोपी, पूर्ण बाह्या, सावली. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही तो त्याच्या वर असतो.
सावळेपणाचं म्हणाल तर कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य राखतं, धोका खरंच कमी असतो. हे आधीच कबूल करा, नाहीतर मुलं पुढचं ऐकणार नाहीत. पण आपल्याला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा सगळ्यात घातक कर्करोग, होतो तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. तिथे उन्हाचा संबंध नाही. जमैकाचा गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ साली, ३६व्या वर्षी गेला.

रुचिरा_किचन:
टॅनसाठी बेसन, हळद, दही. आठवड्यातून दोनदा, फरक पडतोच.

धरमपेठकर:
ताई, टॅनचं कोणी विचारलं नाही. सनस्क्रीन सांगा, एसपीएफ ३०, दर दोन तासांनी.

गिट्टीखदान_भाऊ:
होस्टेलच्या पोराले परवडते का जी? ५० ग्रॅमची ट्यूब तशी लावली तर आठवडा जात नाही. दुपट्टा धुतला की पुन्हा तयार.

त्वचा_निवासी:
इथे भाऊ बरोबर आहेत. फक्त दुपट्टा घट्ट विणीचा, गडद रंगाचा हवा. पातळ पांढरा सुती भिजला की किरणं आणखी आत येतात. तोंडापुरतं सनस्क्रीन, बाकी कापड.

पळसफूल:
सांगायचं राहिलं. मुलं कृषीची आहेत, १२० जण. सकाळपासून प्रक्षेत्रावर. प्रोजेक्टर नाही.

धरमपेठकर:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग सनस्क्रीनचं माझं मागे घेतो. मोठ्या काठाची टोपी, आणि शेतातलं काम ११च्या आत संपवायला प्राध्यापकांना सांगा. मुलांच्या हातात ते नसतं.

वर्धारोडवाली:
माझ्या आजीला कमरेवर परकराच्या नाडीखाली घट्टा पडून जखम झाली होती, भरतच नव्हती. तो कर्करोग निघाला. हे पण सांगा.

गिट्टीखदान_भाऊ:
विषय उन्हाचा आहे ना?

त्वचा_निवासी:
विषय कर्करोगाचा आहे. सततच्या घर्षणानं होतो हा. धोतराच्या गाठीखालचा कर्करोग मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच नोंदवला होता. जुन्या भाजल्याच्या वणातही होतो. चार आठवड्यांत न भरणारी जखम दाखवायचीच.

पळसफूल:
माझ्या मामाच्या टाचेवर काळा डाग होता. काटा मोडला असेल म्हणून दोन वर्षं मलम लावलं. दवाखान्यातही पाय उलटून कोणी पाहिला नाही. मामा गेले. म्हणून मी हा विषय घेतला.
आता ठरवलं, सगळ्यांना जोडे काढायला लावते आणि एकमेकांचे तळपाय, नखं बघायला सांगते.

त्वचा_निवासी:
खूप चांगलं. बहुतेक डाग काट्याचे, कुरूपाचे, साधे तीळ निघतील. ते आधी सांगा, नाहीतर मुलं घाबरतील. वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला डाग, किंवा नखातली रुंद होत चाललेली काळी रेघ, असं काही दिसलं तर त्या मुलाला मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात पाठवा. आणि घरी गेल्यावर आईबाबांच्या टाचा बघायला सांगा.

पळसफूल:
सांगते. कोणाकडे १२० जण बसतील इतक्या सतरंज्या आहेत का? खुर्चीवर पाय उलटून बघता येत नाही.