होई आन सायकलवरून: तुमचे अनुभव सांगा

पाठीवर सॅक टाकून व्हिएतनामला गेलेल्यांनी होई आनमध्ये सायकल चालवली नसेल असं होणं कठीण. थू बोन नदीत गाळ साचला, व्यापार दानांगला गेला आणि हे बंदर जुनंच राहिलं. १९९९मध्ये जागतिक वारसा झालं. जुन्या पेठेत दिवसाचा बराच वेळ मोटारी-स्कूटरींना बंदी, त्यामुळे राज्य सायकलींचं.

सुरुवात माझ्यापासून. हॉस्टेलची फुकट सायकल, ब्रेक फक्त मागचा. पहिल्याच वळणावर सवयीने डावीकडे घुसलो. समोरून भाजीच्या टोपल्या घेऊन सायकलवर आजी! ओरडल्या नाहीत, नुसता उजवीकडे हात दाखवला. तुमचं येऊ द्या.

*

पेठेपेक्षा मला जवळचं भाजीमळ्यांचं गाव, त्रा क्वे, आवडलं. भल्या पहाटे गेलो तर वाफ्यांना पाणी घालणं चालू होतं. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना झाऱ्या. खत म्हणून पाणवनस्पती मातीत गाडतात. एका काकूंनी तुळशीसारखं पान चुरगळून हुंगायला दिलं. तिथून आन बांगचा समुद्र जवळच, सगळा रस्ता सपाट. सिंहगड रोडवाल्यांना चढ नसल्याची चुकचुक लागेल.

*

आम्ही दोघी शाकाहारी. एका पाटीवर रोमन लिपीत ‘चाय’ वाचलं आणि सायकली टाकून आत पळालो. आला टोफू-नूडल्सचा वाडगा! तिकडे या शब्दाचा अर्थ शाकाहारी. पौर्णिमा-अमावास्येला तिथले बरेच लोक असंच जेवतात म्हणे. चहा मिळाला नाही, पण उरलेले चार दिवस त्या पाटीवरच निघाले.

*

जपानी पूल बघताना खिशातली २०,००० डाँगची नोट काढा. तोच आहे.

*

‘मी सन’ या जुन्या देवळांच्या ठिकाणी सायकलने गेलेलं कुणी आहे का? साधारण ४० किमी, मी एप्रिलात गेलो. मूर्खपणा! येताना सायकल टेम्पोत टाकली. पण मध्य व्हिएतनामच्या जुन्या चाम राजांची ती विटांची शिवमंदिरं, संस्कृत शिलालेख... पुजारी नाही, घंटा नाही. बाजूलाच बाँबचे खड्डे. सर्वांत मोठं देऊळ १९६९च्या अमेरिकन हल्ल्यात गेलं. शाळुंकेसमोर हात आपोआप जोडले गेले, मागच्या फ्रेंच मुलीने विचारलं, ‘हे तुमचे?’ काय सांगणार, अर्धवट मान हलवली.

*

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणाऱ्यांसाठी: नदी पेठेत येते. आमच्या होमस्टेच्या काकांनी संध्याकाळीच सायकली वरच्या मजल्यावर चढवल्या. आम्ही हसलो. सकाळी खाली होडी लागली होती.