बैलजोडी विकली, यंदा पोळा करावा का?

कपाशीचं_वावर (आर्वी तालुका)
उन्हाळ्यात आमची जोडी विकली. वैरण परवडत नव्हती, सालगडी मिळत नव्हता. निर्णय ह्यांचा, हे चाकणला कंपनीत असतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, नाही म्हणाले नाहीत, पण तेव्हापासून बापलेकांचं फोनवरचं बोलणं "पाऊस आला का" एवढ्यावर थांबतं. गोठा रिकामा, तरी मामाजी पहाटे उठून तिकडेच जातात.

पोळा आला जवळ. आत्याबाई (सासूबाई) म्हणतात, बैल नाहीत तर पुरण कोणासाठी घालायचं? हे म्हणतात, सुट्टी दिवाळीला ठेवतो. मला वाटतं, हे यंदाच घरी हवेत. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला आम्ही दोघांनी मिळून शिंगं रंगवली होती. भरल्या घरात सगळ्यांसमोर मोकळेपणी बोललो ते त्या दिवशी. बैलांविना पोळा कोणी केला आहे का?

जुना_गाडीवान (देवळी)
बाई, पोळा कराच. आमची जोडी गेली त्या साली पोरगं म्हणे, बाबा, शेजारच्या जोडीची खांदमळणी आपण करू. आदल्या सांजेले दोघंही हळद अन् तूप घेऊन गेलो. एका बैलाच्या इकडून तो, तिकडून मी. खांदा चोळला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. मंग बोलणं आपल्या बैलावरच आलं. कोणता जोरात ओढे, कोणता ऐन पेरणीत वावरात बसे. इकताना मले काय वाटलं तेही तिथंच निंघालं. पोरगंही रडलं. घरात समोरासमोर बसून हे झालं नसतं. हात कामात होते म्हणून तोंड उघडलं, मले तरी असंच वाटते.

दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, ठेवाले घरची जोडी लागत नाही. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणालेही लागत नाही. मामाजीले झडत्या येत असतील तर त्यायलेच म्हणू द्या. पोळा फुटला की गावातल्या जोड्या दारोदार येतातच. पाय धुवा, ओवाळा, पोळी चारा. धरून आणणाऱ्याले बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, मामाजीच्या हातानं द्या. अन् पोराले दिवाळीले नाही, आत्ताच बोलवा.

धानाच्या_देशातून (साकोली)
आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक. एरवी सासऱ्यासमोर न बोलणारा जावई नाटक बघताना त्यांच्याच शेजारी सतरंजीवर बसलेला असतो. आमची सोयरीकही मंडईला आलेल्या पाहुण्यांनीच जुळवली.

तुमच्याकडे लहान मूल आहे का? असेल तर दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा सोडू नका. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. म्हणजे लाकडी बैलाचा पोळा आपल्याकडे दोनशे वर्षांचा आहे, त्यात कमीपणा काहीच नाही.

अंजनगावची_लेक
सगळं पटलं, पण एक बोलते. सणाला घर एकत्र येतं आणि बाई चुलीपाशी एकटी राहते. आमच्या महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि बाहेर हसण्याचे आवाज. कितीतरी वर्षं मला ते दिवस नकोसे वाटायचे. नंतर एका वर्षी नवरा आपणहून पुरणयंत्र फिरवायला बसला. त्याची आई आधी चिडली, मग तीही तिथेच पाट घेऊन बसली आणि तिच्या सासरच्या पहिल्या महालक्ष्म्यांची गोष्ट सांगत राहिली. ती गोष्ट आम्ही दोघांनीही पहिल्यांदा ऐकली. ताई, ह्यांना बोलवा, पण पाहुण्यासारखं बसवू नका.

कपाशीचं_वावर (आर्वी तालुका)
गाडीवान काकाजी, तुमचं लिहिलेलं ह्यांना रात्री फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सुट्टीचा अर्ज टाकतो म्हणाले. शेजारच्या काकाजींना विचारलं, त्यांची जोडी खांदमळणीला मिळते आहे. मामाजींना अजून सांगितलं नाही. हे आल्यावर स्वतःच सांगतील, तेच बरं. पुरणयंत्र ह्यांच्याकडे, कणीक माझ्याकडे.

आणि हो, लेक तीन वर्षांचा आहे. वर्ध्याला चाकांचा चांगला लाकडी बैल कुठे मिळेल?