श्रेकच्या शेवटी फिओना परत 'सुंदर' का होत नाही?

रानजाई:
काल लेकीला श्रेक दाखवला, तो हिरव्या राक्षसाचा अ‍ॅनिमेशन पिक्चर, ७ वर्षांची आहे ती. मी कॉलेजात असताना पाहिलेला, तेव्हा नुसतं हसले होते. त्यात राजकन्या फिओनाला शाप असतो, दिवसा माणूस आणि सूर्य मावळला की हिरवी राक्षसीण, खऱ्या प्रेमाच्या पहिल्या किसने तो सुटणार असतो. शेवटी श्रेक फिओनाला किस करतो, ती हवेत वर जाते, हातापायातून उजेड काय निघतो, चर्चच्या काचा फुटतात, आणि खाली येते तर हिरवीच! पोरगी एकदम रडकुंडीला आली, "आई, जादू बिघडली का गं?" मला काय सांगावं सुचेचना. तुम्ही काय सांगितलं असतंत?

जुनी_वही:
बिघडली नाही, उलट बरोब्बर झाली. शापाचे शब्द परत ऐकव तिला. त्यात "सुंदर होशील" असं कुठेच नाहीये, खऱ्या प्रेमाचं रूप मिळेल एवढंच आहे. ते रूप म्हणजे गोरी सडपातळ राजकन्याच हे फिओनाने धरून ठेवलं आणि आपणही, कारण लहानपणापासून ऐकलंच तसं ना, बेडकाचा राजपुत्र होतो, राजकन्येची बेडकी होऊन सुखाने नांदली असं कोणी सांगत नाही. आणि पिक्चर पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो, श्रेक पुस्तकातून तीच टॉवर-ड्रॅगन-राजकन्येची गोष्ट वाचतो, पान टर्रकन फाडतो आणि संडासातून बाहेर येतो.
विल्यम स्टाइगच्या १९९० च्या मूळ पुस्तकात राजकन्या पहिल्यापासून कुरूपच आहे, शाप वगैरे काही नाही. शाप पिक्चरवाल्यांनी घातला आणि त्यानेच शेवट इतका लागतो असं मला वाटतं.

ताकभात:
मला तर पक्ष्याचा सीन!! फिओना सकाळी गाते, पक्षी सूर धरतो, नेहमीच्या राजकन्यांसारखंच, आणि ती सूर इतका वर नेते की पक्षी फुटतो. घरट्यात ३ अंडी. पुढच्या शॉटला तीच अंडी शिजतायत, श्रेकसाठी नाश्ता 😄 रॉबिन हूडच्या टोळीला पण ती एकटीच लोळवते, श्रेक आणि त्याचा दोस्त गाढव बघतच राहतात.

सह्याद्रीचा_वारा:
पिक्चर मलाही आवडतो पण एक गोष्ट दरवेळी टोचते. दिसण्यावरून माणूस जोखू नका म्हणायचं आणि खलनायक फारक्वाडच्या उंचीवर सतत हशा पिकवायचा? तो वाईट आहे ते राजा व्हायला आरशात बघून राजकन्या निवडतो आणि तिला सोडवायला दुसऱ्याला धाडतो म्हणून, बुटका आहे म्हणून नाही. माझी उंची ५ फूट १ इंच, शाळेत हेच जोक ऐकलेत, त्यामुळे कळतं. बेस्ट अ‍ॅनिमेटेड फीचरचं अगदी पहिलं ऑस्कर याला मिळालं, तरी ही चूक ती चूकच.

रानजाई:
@सह्याद्रीचा_वारा पटलं, हे लेकीशी पण बोलणारे.
शापाचे शब्द सांगितले तिला. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे आता तिला रोज संध्याकाळी लपायला नको ना?"
नको म्हटलं.