मंडळाच्या रिमोटवरच्या मॉडेल गाड्यांचे स्क्रू: ऑर्डर अडली आहे, लवकर उत्तर द्या

प्रेषक: नाना

मंडळी नमस्कार,

निळ्या गाडीचा मागचा आर्म (चाक धरणारा दांडा) परत उघडत नाहीये, बटन हेडची (बुटक्या गोलसर डोक्याच्या स्क्रूची) षटकोनी खाच पार गोल झाली आहे. पिवळीच्या गिअरबॉक्सच्या झाकणाची तीच कथा. मुलांचा पुढचा रविवार तोंडावर आलाय म्हणून मी उद्या रात्री ऑर्डर टाकतोय. स्टेनलेसचा पूर्ण संच, एम३ (३ मिमी जाडीचे), लांबी ६ मिमीपासून २० मिमीपर्यंत, सगळे बटन हेड, म्हणजे सगळ्या गाड्यांचे सगळे स्क्रू एकदाच बदलून टाकू आणि विषय संपेल. अण्णा फोनवर म्हणाले थांब, म्हणून इथे टाकतोय. कोणाची हरकत असेल तर फक्त हो-नाही कळवा.

नाना

---

प्रेषक: अण्णा

नाना,

हो-नाहीत उत्तर देता येणार नाही, कारण तू ज्या कारणासाठी स्क्रू बदलतोयस तेच कारण स्टेनलेसने वाढणार आहे. खाच गोल का झाली? ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) खाचेत फिरली म्हणून. आणि बाजारात मिळणारं साधं स्टेनलेस, ज्याच्या डोक्यावर ए२-७० लिहिलेलं असतं, ते काळ्या १२.९ पेक्षा, म्हणजे त्या प्रतीच्या कडक पोलादी स्क्रूपेक्षा, मऊ असतं. ए२-७० म्हणजे ताण-मर्यादा ७०० मेगापास्कल. १२.९ मधला १२ म्हणजे साधारण १२०० मेगापास्कल, आणि पुढचा ९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा वाकत नाही. एम३ स्क्रूचं ताण घेणारं क्षेत्रफळ ५.०३ चौरस मिमी, म्हणजे स्टेनलेस तुटायला साधारण ३५०० न्यूटन लागतील आणि १२.९ ला ६००० च्या वर. आता आपल्या गाडीत इतका ताण कुठेच येत नाही हे मला मान्य आहे, पण खाचेच्या कडा टिकतात त्या याच कडकपणामुळे.

आयुष्यभर फास्टनरचं (नट-बोल्ट-स्क्रूचं) काम केलंय म्हणून कळकळीने सांगतो, सगळे काळे १२.९ घे, आणि डोक्यावर आकडा कोरलेला असेल तेच घे. नुसता काळा रंग बघून घेऊ नकोस, काळा रंग कुठल्याही स्क्रूला देता येतो.

अण्णा

---

प्रेषक: ताई

> सगळे काळे १२.९ घे

अण्णा, माफ करा पण अजिबात नको. मागच्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर गाड्या नेल्या होत्या तेव्हा परत आल्यावर त्या कोणी धुतल्या ते आठवा. त्या गाडीवर सगळे काळेच स्क्रू होते आणि आठवड्याभरात तांबूस झाले. काळा थर म्हणजे नुसतं ऑक्साइड, त्यावर तेल असेल तोवरच तो गंज अडवतो, आणि मुलं चिखल धुवायला पाण्याचा पाइप लावतात तेव्हा ते तेल राहतं कुठे. गंजलेला स्क्रू ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये अडकला की मग तो कितीही कडक असो, काढायचा कसा? माझं मत स्टेनलेसलाच, आणि खारं पाणी लागणार असेल तर ए२ पण नको, ए४ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला जास्त टिकतो.

आणि नाना, मंडळाच्या स्क्रू-अवजारांच्या डब्याच्या यादीत माझ्याकडचे चाकांचे नट धरू नका. ते एम४ चे आहेत, आतल्या नायलॉन रिंगवाले, आणि ते माझ्याकडेच राहतील, कारण गेल्या खेपेला डब्यात टाकले आणि निम्मे गायब झाले.

ताई

---

प्रेषक: बापू

नमस्कार, मी जरा वेगळं सुचवतो. टायटॅनियम. गंजत नाही, ग्रेड ५ वाला ताकदीला ए२-७० पेक्षा वरचढ, आणि वजन स्टीलच्या साधारण ५६ टक्के. माझ्या रेसच्या गाडीला वरच्या डेकवर सगळे टायटॅनियम आहेत, वर्षं झाली, आजही नव्यासारखे दिसतात. एकदाच खर्च करा आणि मोकळे व्हा.

बापू

---

प्रेषक: भाऊ (खजिनदार)

बापू, "एकदाच खर्च करा" हे वाक्य लिस्टवर लिहिताना जरा विचार करावा ही विनंती. आणि नाना, "उद्या रात्री ऑर्डर टाकतोय" हे मला इथे वाचून कळतंय. मुलांच्या गटाची खरेदी आधी माझ्याकडे यादी येऊन मगच होते हे मागच्या सभेत ठरलं होतं. स्क्रू कुठले घ्यायचे यात मी पडत नाही, पण किती आणि कशासाठी हे मला लिहून हवं.

भाऊ

---

प्रेषक: अण्णा

बापूला उत्तर: रेसच्या गाडीसाठी ठीक. पण टायटॅनियम ॲल्युमिनियममध्ये किंवा टायटॅनियममध्येच कोरडं आवळलं तर आटे एकमेकांना धरतात, अक्षरशः चिकटून बसतात. ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे चिकटू नयेत म्हणूनचा लेप) लावावंच लागतं. स्टेनलेसच्या स्क्रूवर स्टेनलेसचा नट झपाट्याने फिरवला तरी हेच होतं. मुलं बॅटरीच्या ड्रिलने स्क्रू लावतात हे मी स्वतः पाहिलंय, तिथे टायटॅनियम नको.

ताईला उत्तर: तेलाचं बरोबर आहे. पण ॲल्युमिनियममधल्या स्टेनलेसचंही ऐका. खारं पाणी मध्ये आलं की स्क्रू चांगला राहतो आणि भोवतीचं ॲल्युमिनियम खराब होतं, पांढरी पूड साचते आणि स्क्रू तसाच अडकतो. ए४ घेतला म्हणून ते थांबत नाही.

अण्णा

---

प्रेषक: वहिनी

नमस्कार सर्वांना. तीन दिवस वाचतेय, आता राहवत नाही म्हणून लिहितेय. निळी आणि पिवळी या दोन्ही गाड्या सध्या माझ्या टेबलावर उघड्या पडल्यात. (पिवळीच्या झाकणाचा तो स्क्रू निघाला. गोल खाचेवर कटिंग डिस्कने एक सरळ चीर पाडली, सपाट ड्रायव्हर घातला, आणि आधी सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर टेकवून ठेवलं म्हणजे आतला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) मऊ होतो. निळीचा पण तसाच निघेल.)

तुम्ही सगळे धातूवर भांडताय आणि मला दिसतंय ते असं की एकही स्क्रू तुटलेला नाही. एकही नाही. जे गेलंय ते दोनच ठिकाणी गेलंय, डोक्याची खाच आणि प्लास्टिकमधले आटे.

खाचेचं म्हणाल तर एम३ बटन हेडला २ मिमीची की लागते आणि एम३ कॅप हेडला (उंच, उभ्या कडांच्या डोक्याच्या स्क्रूला) २.५ ची. बटनचं डोकं १.६५ मिमी उंच, कॅपचं पूर्ण ३ मिमी, त्यामुळे कॅपमध्ये की खोल बसते आणि पकड किती तरी चांगली मिळते. काउंटरसंकची (डोकं पृष्ठभागाच्या आत सपाट बसतं त्या स्क्रूची) खाच पण २ मिमीचीच. म्हणजे नाना, तुम्ही सगळे बटन हेड मागवले तर ते सोन्याचे असोत की १२.९ चे, पुन्हा तेच होणार. जिथे डोक्याला वर जागा आहे तिथे सरळ कॅप हेड लावा: गिअरबॉक्सचं झाकण, शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर बसतात तो उभा भाग), बंपर, सर्व्होचे (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटारीचे) माउंट. बटन फक्त तिथेच जिथे काहीतरी वरून घासून जातं, आणि चासीच्या पोटाला काउंटरसंक लागणारच, तिथे इलाज नाही.

दुसरं, की. आपल्या डब्यातली २ ची की मी भिंगाखाली बघितली, तिच्या सहाही कडा घासून गोल झाल्यात. अशी की नव्या स्क्रूत घातली तर पहिल्याच दिवशी तो नवा स्क्रू खराब होतो, मग डब्यात काहीही भरा. टोक बारीक दगडावर आडवं घासून एक-दोन मिमी कमी केलं की आतली ताजी षटकोनी कड वर येते, पण ते सरळ घासलं गेलं पाहिजे आणि गरम होऊ देऊ नका. बॉल टोकाची की सैल स्क्रू भराभर फिरवायला ठीक, आवळायला किंवा घट्ट बसलेला सोडवायला कधीच नाही.

प्लास्टिकचं खाली वेगळं लिहिते, मुलाला सोडायला जायचंय.

वहिनी

---

प्रेषक: ताई

वहिनींना शंभर टक्के अनुमोदन. एक राहिलं, स्टेनलेसला लोहचुंबक बहुतेक वेळा धरत नाही, त्यामुळे चुंबकाच्या टोकाचा ड्रायव्हर आणि चुंबकाची ताटली दोन्ही निकामी. गवतात पडला तर गेलाच. माझं मत तरी पण उघड्यावरच्या स्क्रूंना स्टेनलेसच.

ताई

---

प्रेषक: नाना

> आपल्या डब्यातली २ ची की मी भिंगाखाली बघितली

वहिनी, डबा मी सांभाळतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यातली प्रत्येक की मी मोजून ठेवतो, पण डबा घरोघरी फिरतो आणि कोणी २ ची की ती जुन्या अमेरिकन गाडीला वापरतं हे मला दिसतं. ती गाडी इंचाच्या मापाची आहे हो! तिला ४-४० चे स्क्रू आहेत, बटन हेडला १/१६ इंचाची की लागते, म्हणजे १.५९ मिमी. १.५ ची घातली तर सैल फिरते आणि २ ची जातच नाही, मग ठोकून बसवतात. आणि एम३ चा स्क्रू त्या भोकात आवळू नका, त्याचा आटा ०.५ मिमीचा आणि ४-४० चा ०.६३५, दोन-तीन फेरे जातो आणि मग ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. त्या गाडीला लाल टेप लावतोय. तिचे स्क्रू या ऑर्डरमध्ये नाहीत.

अण्णा, मी लाल थ्रेडलॉकची बाटली पण यादीत टाकली आहे, म्हणजे मोटारमाउंट सैल व्हायचा प्रश्न मिटेल.

नाना

---

प्रेषक: अण्णा

लाल नको!! लाल सोडवायला साधारण २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, तोवर शेजारचं प्लास्टिक वितळून जाईल. निळा घे, तो हाताच्या जोराने सुटतो. थेंबभर पुरतो, पूर्ण पकडायला २४ तास दे. आणि धातूत धातू असेल तिथेच, तेल पुसून. तेल राहिलं तर पकड येत नाही.

अण्णा

---

प्रेषक: वहिनी

हो, आणि प्लास्टिकमध्ये मुळीच नाही. तिथे तो नीट वाळतच नाही, आणि बॉडीच्या पॉलीकार्बोनेटला लागला तर तडे जातात. नायलॉन रिंगवाला लॉकनट असेल तिथेही लागत नाही.

प्लास्टिकबद्दल राहिलेलं. तिथे स्क्रूची ताकद कुठली का असेना, आधी प्लास्टिकच हार मानतं, म्हणून तिथे लांबी आणि आटा बघा. टॅपिंग स्क्रूचे (स्वतःच आटा पाडत जाणाऱ्या स्क्रूचे) आटे उंच आणि लांबलांब असतात, ते प्लास्टिक जास्त धरतात, त्यांच्या जागी बारीक आट्याचा मशीन स्क्रू लावायचा तर जरा लांब घ्या आणि भोकाचा तळ आधी मोजा. निळीच्या आर्ममध्ये १० चा होता, भोक १३ खोल आहे, मी १२ चा लावणार.

आणि मुलांना एवढं एकच शिकवा: स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवायचा, टिक करून खाली बसल्याचं बोटाला कळतं, म्हणजे जुन्या आट्यात शिरला, मग सुलटा. असं केलं तर तेच भोक पुन्हापुन्हा वापरता येतं. न करता दरवेळी नवा आटा पाडला तर थोड्याच दिवसांत भोक गुळगुळीत. प्लास्टिकच्या भोकाला ड्रिल नाही, हाताने, आणि डोकं टेकलं की थांबायचं.

तामिया या जपानी कंपनीच्या दोन गाड्यांना प्लस खाचेचे स्क्रू आहेत, त्या खाचा जपानी मापाच्या, जेआयएस. साधा फिलिप्स घातला की टोक उडून वर येतं आणि खाच कुरतडली जाते. पुष्कळशा जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो. जेआयएस ड्रायव्हर माझ्याकडे आहे, रविवारी आणते, पण तो डब्यात जाणार नाही.

वहिनी

---

प्रेषक: नाना

ठीक. भाऊ, ही यादी तुमच्यासाठी, तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबतो.

एम३ कॅप हेड, काळे १२.९, लांबी ८, १०, १२ आणि १६, हे गिअरबॉक्स, टॉवर आणि मोटारमाउंटला. लावताना तेलाचं बोट फिरवायचं आणि धुतल्यावर पुन्हा. ताई, तुमचं ऐकून बंपर आणि बॉडीपोस्टला, जिथे रोज पाणी लागतं आणि जोर येत नाही, तिथे स्टेनलेस ए२, पण कॅप हेडच. चासीखालचे काउंटरसंक १२.९, लांबी १० आणि १२. बटन हेड फक्त स्टिअरिंगच्या जोडापुरते. निळा थ्रेडलॉक एक बाटली. २ आणि २.५ च्या नव्या कडक टोकाच्या की, आणि पिनियनच्या (मोटारीच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरच्या) एम३ ग्रब स्क्रूसाठी, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूसाठी, १.५ ची एक. टायटॅनियम नाही. बापू, तुमच्या गाडीला शुभेच्छा.

नाना

---

प्रेषक: भाऊ (खजिनदार)

या यादीला माझी हरकत नाही. तिन्ही की मुलांच्या गटाच्या नावावर लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी हा वाद नको. आणि कृपया प्रत्येकाने पूर्ण धागा कोट करून उत्तर देणं थांबवा.

भाऊ

---

प्रेषक: आबा

> हे गिअरबॉक्स, टॉवर आणि मोटारमाउंटला

नाना, मी उशिरा वाचलं. मोटारमाउंटचे स्क्रू त्याच पुड्यातून घेऊ नकोस. मोटारीच्या तोंडाच्या भोकात स्क्रू फार आत गेला तर तो आतल्या तारांना टेकतो आणि मोटार जाते, आणि १२ च्या जागी १६ हाताला लागायला वेळ लागत नाही. माउंटची प्लेट मोज, मोटारीत किती आत चालतं ते तिच्या कागदावर लिहिलेलं असतं ते बघ, दोन्हींची बेरीज करून लांबी ठरव आणि ते स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवून पुडीवर "मोटार" लिही. ग्रब स्क्रू पिनियनवर लावताना शाफ्टच्या सपाट बाजूवर यायला हवा, गोल बाजूवर कितीही आवळला तरी सुटतो, तेही मुलांना दाखव.

आबा

---

प्रेषक: नाना

आबा, प्लेट ३ मिमीची आहे, मोटारीत ४ पर्यंत चालतं असं कागदावर आहे. म्हणजे ७ च्या आत राहायचं, तर ६ चे घेतो, आत ३ मिमी जातील. वेगळी पुडी. भाऊ, यादीत एम३ कॅप ६ मिमी वाढवलेत, तेवढं धरा, ऑर्डर आज रात्री टाकतो.