अनुभव धागा : नावासाठी मोजलेले पैसे

गेल्या मे महिन्यात घरी आलेल्या एका पाहुण्यांनी हापूसची पेटी उघडण्याआधी तिच्यावरचे गावाचे नाव दोनदा वाचले, आणि तेव्हापासून हा विषय मनात घोळतो आहे. माणूस काही वस्तू उपयोगासाठी नव्हे, तर आपली ऐपत चारचौघांना दिसावी म्हणून घेतो, असे थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली मांडले होते. अशा वस्तूंची किंमत वाढली की मागणी घटण्याऐवजी वाढूही शकते. आपण कोकणातली माणसे स्वतःला काटकसरी म्हणवून घेतो. तरीही नावासाठी आपण कधी जादा पैसे मोजले, किंवा घेतले, ते येथे लिहावे. कोणत्याही कंपनीची उणीदुणी नकोत; त्या वेळी स्वतःच्या मनात काय चालले होते, ते हवे.

देवगडहून, एक बागायतदार

माझा अनुभव विकणाऱ्याचा आहे. काही वर्षांपूर्वी हंगामाच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, पुण्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी पाच डझनांची पेटी जवळजवळ निम्म्या दराने देऊ केली. झाडे तीच होती आणि अढीही तीच होती. फोनवर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आंबा देवगडचाच आहे ना?" आधीच्या सात-आठ वर्षांत, पूर्ण दर मोजताना, हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

शंका अगदीच निराधार नव्हती, कारण परराज्यातला आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच फसवणुकीला आळा बसावा म्हणून. परंतु प्रत्येक जिभेला हा फरक बिनचूक कळत असता, तर ही फसवणूक मुळात चाललीच नसती. पुढे २००८ सालच्या एका अमेरिकी प्रयोगाविषयी वाचले. त्यात एकच वाइन लोकांना दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली होती. महाग म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली, आणि सुखद अनुभवाशी निगडित असलेला मेंदूचा भागही तेव्हा अधिक सक्रिय झालेला स्कॅनमध्ये दिसला. म्हणजे गिऱ्हाईक उगाच कौतुक करत नसते, त्याला महाग आंबा खरोखरच अधिक गोड लागत असावा. हे वाचल्यापासून दर सांगताना मला पूर्वीइतका संकोच वाटत नाही. हे कबूल करणे फारसे बरे दिसत नाही, पण धागा प्रामाणिकपणाचा आहे.

चिपळूणहून, एक शिक्षिका

भिशी लागली त्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या दुकानातून मी परदेशी नावाची चामड्याची पर्स घेतली, आणि मुद्दाम मोठे बोधचिन्ह असलेली निवडली, कारण ते दिसावे हाच तर हेतू होता. गणपतीत सासरी गेले तेव्हा ते चिन्ह कोणालाही ओळखता आले नाही. मामेसासूबाईंनी पर्स हातात घेऊन, ती पावसात भिजली तर चालते का, एवढेच विचारले. किंमत सांगावी तर उधळी ठरेन आणि न सांगावी तर पैसे वाया, अशा पेचात मी पाच दिवस काढले. पुढच्या आषाढात कपाटात ठेवलेल्या त्या पर्सला बुरशी आली. अलीकडे वाचनात आले की २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, एकाच कंपनीच्या पर्समध्ये बोधचिन्ह जितके मोठे तितकी किंमत साधारणपणे कमी, असे आढळले होते. फार श्रीमंतांना फक्त जाणत्यांनीच ओळखावी अशी वस्तू हवी असते. म्हणजे मी ज्यांना दाखवायला निघाले होते त्यांना चिन्ह ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांच्या दृष्टीने तेच माझी पायरी सांगत होते.

मालवणहून

अनुभव छोटा आहे. वडिलांच्या कोल्हापुरी चपलांना 'गावठी' म्हणणाऱ्या माझ्या मुलाने, जून २०२५ मध्ये प्राडा या महागड्या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्याची बातमी आल्यावर, आजोबांचा जोड माळ्यावरून काढायला लावला. बाहेर मुसळधार पाऊस असल्यामुळे तो दिवाळीपर्यंत घालता आला नाही, हा भाग वेगळा.

सावंतवाडीहून, पूर्वीचा सेल्समन

मी मुंबईतल्या एका महागड्या दुकानात सहा वर्षे काम केले. आम्हाला शिकवले होते ते असे : वस्तू पांढरे हातमोजे घालूनच काढायची, एका वेळी दोनच दाखवायच्या, आणि किंमत सांगून झाली की गप्प राहायचे. हे गप्प राहणे सर्वांत अवघड असते, कारण आपला जीव लगेच 'परवडत नसेल तर दुसरी दाखवतो' म्हणायला धावतो. वस्तू सहजी मिळू न देणे हाही कसबाचाच भाग. एर्मेस या फ्रेंच कंपनीची १९८४ सालची बर्किन पर्स हे त्याचे नेहमीचे उदाहरण. जिच्या नावावरून ही पर्स ओळखली जाते त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांच्याकडचा मूळ नमुना २०२५ साली पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेला. उलट टोकाचे उदाहरण बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीचे. न विकलेला सुमारे २.८६ कोटी पौंडांचा माल स्वस्तात देण्याऐवजी कंपनीने नष्ट केल्याचे २०१८ साली उघड झाले, आणि टीकेनंतर तिने ती प्रथा थांबवली.

आता मी गावी मेहुण्यांच्या दुकानात बसतो. तेथे दशावतारी गंजिफाचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या पत्त्यांचा, संच असतो, १२० पाने, प्रत्येक पान हाताने रंगवलेले. त्या सहा वर्षांत माझ्यासमोर घासाघीस करणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, येथे मात्र गाडीतून उतरतानाच "किती कमी करणार?" हा प्रश्न येतो. गेल्या दिवाळीत मी संच लाकडी खेळण्यांच्या ढिगातून काढून काचेच्या कपाटात एकटा ठेवला, कपाटाला कुलूप लावले आणि किंमतपट्टी काढून टाकली. घासाघीस बरीच कमी झाली. मेहुण्यांना मात्र हे पटलेले नाही. त्यांच्या मते कुलूप पाहून निम्मी गिऱ्हाइके दारातूनच परत जातात, आणि किल्ली माझ्या खिशात राहिली की तेही माल दाखवू शकत नाहीत.