खुर्चीपेक्षा पत्र्याची पाटी बरी

काही जण म्हणतात, भारताला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळाली की आंतरराष्ट्रीय संस्थांवरचा लोकांचा विश्वास परत येईल. मला नाही पटत. कायमच्या ५ खुर्च्यांच्या ६ झाल्या, तरी त्या पाच देशांचा नकाराधिकार (व्हेटो) कुठे जातो?

मी राहतो उलव्यात, काम न्हावा शेवा बंदराजवळच्या कंटेनर यार्डात. प्रत्येक कंटेनरच्या दारावर 'सीएससी सेफ्टी अप्रूव्हल' अशी पत्र्याची पाटी ठोकलेली असते: कधी बनवला, कमाल वजन किती, वर किती भार रचता येईल. सीएससी म्हणजे कंटेनरच्या सुरक्षेबाबतचा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार. डबा शांघायहून आलेला असो की रॉटरडॅमहून, आमचा रीच स्टॅकरवाला (कंटेनर उचलणारी गाडी चालवणारा) बिनधास्त उचलतो. करार कुणी केला हे त्याला ठाऊक नाही, विचारायची वेळच आली नाही. नियम सगळ्यांना सारखा, एवढं त्याला पुरतं.

उलट जागतिक व्यापार संघटना बघा. व्यापारी वादांतली अपिलं ऐकणाऱ्या तिच्या अपील मंडळावरच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ ठप्प. निकाल विरोधात गेला की अपील ठोकायचं, ऐकायला कुणीच नाही! (साखरेच्या अनुदानाच्या वादात आपणही हेच केलं, तेव्हा नुसती अमेरिकेला नावं ठेवू नका.)